आईच्या पर्सची राखण

पर्सनं बोंब ठोकली, तेव्हा लिस्बनच्या ट्रामस्टॉपवरच्या निम्म्या माणसांनी आधी आपापले खिसे चाचपले आणि मग तेजश्रीकडे पाहिलं.

तिनं केलं काय होतं? काही नाही. आई म्हणाली, "तेजू, घसा खवखवतोय, पर्समधली लवंग काढ गं." म्हणून तेजश्रीनं आईच्या खांद्यावरच्या पर्सला हात घातला. तर चेनचे दात जागच्या जागी आवळले आणि ती बया अशी किंचाळली, की स्टॉपवरची कबुतरंसुद्धा उडाली. पलीकडचा पोलीस दोन पावलं पुढं आला.

"अय्या! ताईला चोर समजली!" गार्गीला हसू आवरेना. तिनं पोलिसाला त्याच्या भाषेत काहीतरी सांगून परत पाठवलं, मग दोन बोटं चेनला लावली. चेन सुर्रकन उघडली. लवंग निघाली, आईच्या तोंडात गेली, ट्राम आली.

"यंत्रच ते," आई म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस."

लावून घेऊ नकोस म्हटल्यावर माणूस काय करणार? तेजश्रीनं ते पुरतं लावून घेतलं. अहो, धाकटी बहीण दोन वर्षांतून एकदा चॉकलेटं घेऊन येणार, आठ दिवस लाडात राहणार आणि जाणार. कराडच्या घरात आईच्या गोळ्या, आईची साखर, आईचे गुडघे, आईची चिडचिड बघणार तेजश्री. आणि पर्स कुणाला उघडणार? धाकटीला! तेजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रामभर ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिला लिस्बन म्हणून काही दिसलं नाही.

त्यात ही पर्स आणली कुणी? तिनंच.

परदेशात चोरी होते ती हातानं नाही, बोलण्यानं. एक जण अंगावर आइस्क्रीम सांडतो, दुसरा रुमाल घेऊन पुसायला धावतो, तिसरा पत्ता विचारतो, आणि तुमचं लक्ष तिकडं गेलं की माल इकडून जातो. कुलूप काय, साखळी काय, पासवर्ड काय, सगळं फुकट. कारण उघडून देणारे आपणच असतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या मंडळींनी यावर वेगळी युक्ती काढली. त्यांचं म्हणणं, मन गाफील असतं तेव्हाही अंग जागं असतं. नकोसा माणूस जवळ आला, की आपल्याला कळायच्या आत तळव्यांना बारीक घाम सुटतो, नाडीची चाल बदलते, श्वास वरच्या वर अडकतो. ते सगळं मालकाच्या मनगटावरच्या पट्टीनं टिपायचं. पर्सच्या शिवणीत तारांचा पातळ पदर घालायचा. प्रत्येकाच्या शरीराभोवती विजेचं अगदी मंद असं वलय असतं, ते आणि चालण्याचा ठेका यांवरून कोण जवळ आलंय हे त्या पदरानं ओळखायचं. आठवडाभर दोघांची सांगड घातली, की पर्सला कळतं, कुणाच्या सोबतीत मालकाचं अंग सैल पडतं आणि कुणाच्या सोबतीत आवळतं.

चेनचे दात मोठे गमतीचे. ज्या धातूचे ते केलेत, त्याला जरासा विद्युतप्रवाह मिळाला की त्याला आपला जुना आकार आठवतो आणि दात फुगून एकमेकांत रुततात. मालकाच्या स्वतःच्या बोटांना ही चेन कधीच अडत नाही. बाकी कुणाला उघडायचं, कुणाला नाही, ते सर्वस्वी मालकाच्या अंगावर. नावांची यादी भरायची सोय मुद्दामच ठेवली नव्हती. यादी आली की गोड बोलून तीत नाव घुसवणाराही आलाच. 'माणूस फसतो, अंग फसत नाही,' अशी जाहिरात होती, आणि यंत्राचं नाव होतं राखण.

तेजश्रीचं कराडात चष्म्याचं दुकान. तिथं येणारं एक गिऱ्हाईक मागच्या वर्षी परदेशात लुटलं गेलं होतं. पासपोर्ट आता पुस्तकाचा राहिला नाही, त्याची सुपारीएवढी चकती झाली आहे. पण ती हरवली, तर बोटं, बुबुळं, रक्त सगळं नव्यानं तपासून होईपर्यंत परक्या देशात अडकून पडावं लागतं. ते ऐकल्यापासून तेजश्रीच्या डोक्यात किडा शिरला. तिनं आईसाठी राखण घेतली आणि सगळं त्या एकाच पर्समध्ये भरलं. पासपोर्ट, विम्याचे कागद, आईची इन्शुलिनची पेनं, साखर तपासायचं यंत्र, सगळं. तिच्या आईवडिलांच्या, पाटणकरांच्या घरात किल्ल्या कायम आईच्या कमरेला असायच्या. वडील गेल्यावरही, आई तेजश्रीकडे राहायला आल्यावरही ती पद्धत मोडली नव्हती. मौल्यवान ते आईजवळ, हे तिला इतकं सवयीचं होतं, की दुसरा विचार शिवलाच नाही.

घरून निघण्यापूर्वी पर्स तिला अडली नाही का? अडली कशी असेल, भरली होती तिनं आई झोपलेली असताना, पट्टी चालू करण्याआधी. नंतर पर्स आईच्या खांद्यावरून उतरलीच नव्हती.

संध्याकाळी गार्गीच्या घरी स्वयंपाक करताना तिनं विषय काढलाच. "त्या पट्टीत बिघाड असणार."

"बिघाड नाही गं ताई," गार्गी कांदा चिरत म्हणाली. ती समुद्रातल्या शेवाळाची दूधभुकटी करणाऱ्या कंपनीत संशोधक होती, यंत्रांवर तिचा फार विश्वास. "आईला माझ्याजवळ बरं वाटतं, एवढंच. आणि ऐक, मी तिला विचारलंय. सहा महिने माझ्याकडे राहा म्हटलं. इथली हवा मानवतेय तिला."

तेजश्रीच्या हातातलं लाटणं थांबलं. "मला न विचारता?"

"तुला विचारायचं की आईला? ती म्हणाली, तू निघायच्या आधी सांगते. बघ ना, पर्सनं तर आधीच सांगितलं!"

गार्गी गमतीनं म्हणाली होती. पण तेजश्रीला ते भाजलं. सहा महिने म्हणजे मग वर्ष, आणि मग आई इथलीच. कराडच्या घरात आईची खोली रिकामी, आणि लोक विचारणार, आई धाकटीकडे का हो राहायला गेल्या? त्या रात्रीची पोळी तिची एकही फुगली नाही.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. तिघी नदीकाठच्या मोठ्या चौकात फिरत होत्या. गार्गी पाणी आणायला गेली. तेवढ्यात रंगीत स्कार्फ विकणारा एक देखणा तरुण आला. "नमस्ते अम्मा! ब्यूटीफुल अम्मा!" करत त्यानं आईच्या गळ्यात स्कार्फ घातला, दोन पावलं मागं जाऊन छातीवर हात ठेवला, परत पुढं आला, स्कार्फ सारखा केला. आई लाजून लाल. मागं उभ्या असलेल्या तेजश्रीला सुर्रकन आवाज ऐकू आला. बघते तर पर्स उघडी, आणि त्या गोजिरवाण्याच्या दोन बोटांत आईची आणि तिची, दोन्ही चकत्या!

तिनं त्याचं मनगट असं पिरगळलं, की चकत्या खाली पडल्या. तो हसला, आईला फुंकरीनं पापा पाठवला आणि गर्दीत नाहीसा झाला.

"आई, चोर होता तो!"

"असेल बाई." आई गळ्यातला स्कार्फ कुरवाळत होती. "पण किती गोड बोलत होता."

"अगं, पासपोर्ट गेले असते!"

"गेले का? नाही ना? मग किती ओरडशील? लोक बघतायत."

तेजश्रीनं खाली बसून चकत्या गोळा केल्या. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. चोराला उघडते, आणि मला नाही! पोटच्या पोरीपेक्षा चोर बरा! पर्स आईची, म्हणून चकत्या परत आत टाकायला आईलाच सांगावं लागलं, तो अपमान आणखी वेगळा.

गार्गी आली, तिनं सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाली, "ताई, रागावू नकोस, पण तू आईशी शेवटचं गोड कधी बोललीस?"

तेजश्रीनं तिच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली. पण डोक्यात चक्र फिरायला लागलं. त्या मेल्यानं काय केलं? गोड बोलला, बस. त्याला दोन मिनिटांत जमलं, तर मला का नाही जमणार? इन्शुलिनची सुई दाखवत पोरीनं जवळ यावं, तर आईचं अंग आवळणारच. गार्गीच्या हातात कधी सुई असते का?

सकाळी नाश्त्याला त्या गावची ती प्रसिद्ध पिवळी वाटी आली, कुरकुरीत पापुद्र्यांची, आत अंड्याच्या पिवळ्याची गोड गोड साय. आईनं सवयीनं बशी लांब सरकवली. तेजश्रीनं ती परत पुढं ओढली.

"घे की."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, साखर?"

"एकानं काय होतंय? प्रवासाला आलोय आपण."

आईनं खाल्ली. दुसरीही खाल्ली. दुपारी चालायला नको म्हणाली, तर तेजश्री म्हणाली, "नको तर नको." संध्याकाळी आई पोटावरची साडी गच्च धरून म्हणाली, "आज सुई राहू दे ना तेजू. फार दुखतं गं."

एरवी तेजश्रीनं आकाशपाताळ एक केलं असतं. ती क्षणभर पेन हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. राहू दे आज."

दुसऱ्या संध्याकाळीही राहिली. तिसऱ्याही.

पर्स निवळत गेली. आधी अडली, पण ओरडली नाही. मग अर्धी उघडली. आणि एका सकाळी तेजश्रीनं बोट लावलं मात्र, चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत सुर्रकन! तिला नाचावंसं वाटलं. मग काय विचारता! आईला रुमाल हवा का, लवंग हवी का, कंगवा हवा का? गार्गी समोर असली, की तेजश्री पर्स उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची. खोटं कशाला बोला, चेन उघडल्याच्या आनंदापेक्षा गार्गीचं उतरलेलं तोंड पाहून तेजश्रीला जास्त थंडावा मिळाला.

आई घटाघटा पाणी पीत होती. सारखी बाथरूमला जात होती. बसल्या बसल्या पेंगत होती. हे तेजश्रीला दिसत होतं बरं का. इतकी वर्षं ज्या खुणांवर तिनं घारीसारखी नजर ठेवली होती, त्या एकूण एक दिसत होत्या. हवा बदललीय, असं ती स्वतःला सांगत राहिली. अजून दोनच दिवस, मग आई ठरवणार. दोन दिवसांनी काय होतंय?

किल्ल्याकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्यांवर, भर दुपारी, आई खाली बसली आणि मग आडवीच झाली. ओठ कोरडेठाक, डोळे अर्धे मिटलेले. काहीतरी पुटपुटत होती, पण शब्द कळत नव्हते.

"साखर उतरली असणार!" गार्गी धावत जाऊन फळांचा रस घेऊन आली. "ताई, पाज, लवकर पाज!"

"थांब!" तेजश्री ओरडली. "उतरली की चढलीय ते बघू दे आधी. चढली असेल तर हा रस म्हणजे विष."

साखर बघायचं यंत्र पर्समध्ये. तिनं हात घातला आणि पर्स किंचाळली. गार्गीनं हात घातला, तर तिलाही किंचाळली. कशी नाही किंचाळणार? आईचं सगळं अंग आकांत करत होतं, आणि त्या बिचाऱ्या यंत्राला आकांताचा एकच अर्थ माहीत होता. चोर आलाय. दात असे रुतले होते, की कापड फाटलं असतं पण चेन सरकली नसती, आणि कापडही तारांचं.

"आता काय करायचं?" गार्गी रडायला लागली.

तेजश्रीनं आईचा हात धरला. "आई! बोट सरळ कर! सरळ कर म्हणते ना!" आईचं लुळं पडलेलं बोट तिनं आपल्या मुठीत घेतलं आणि चेनवर दाबून खेचलं. बघणाऱ्यांना काय दिसलं असेल? रस्त्यात पडलेली म्हातारी, बोंबलणारी पर्स, आणि तिचाच हात पिरगळून पर्स उघडणारी एक बाई. कुणीतरी मागून तेजश्रीची कॉलर धरली, दुसऱ्यानं दंड धरला. तिनं हात सोडला नाही. गार्गी त्यांच्या भाषेत ओरडत होती, "तिची मुलगी आहे ती! तीसुद्धा मुलगीच आहे!"

चेन उघडली. यंत्रावर आकडा उमटलाच नाही. मोजता येण्याच्या पलीकडे, असं लिहून आलं. रस गटारात गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत तेजश्री आईचं डोकं मांडीवर घेऊन, ओले बोळे ओठांना लावत बसली.

दवाखान्यात सलाईन लागलं, इन्शुलिन गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आईनं नीट डोळे उघडले. गार्गी खाली चहा आणायला गेली होती.

"आई," तेजश्री म्हणाली, "हे माझ्यामुळं झालं. पर्स उघडावी म्हणून मी तुला हवं ते खाऊ दिलं. सुई मुद्दाम सोडली."

"ते मला कळलं नाही होय?" आईचा आवाज बारीक, पण खणखणीत. "तू 'बरं, राहू दे' म्हणालीस तेव्हाच मला धस्स झालं. म्हटलं, या पोरीला झालंय काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मजा येत होती," आई म्हणाली. "आणि तू किती खूश होतीस."

तेजश्रीनं पदर तोंडाला लावावा तशी ओढणी तोंडाला लावली.

"तेजू, मी ठरवलंय. सहा महिने गार्गीकडे राहते."

दोन पावलांवर गार्गी चहा घेऊन उभी होती, हे तेजश्रीला तेव्हा दिसलं. धाकटीच्या डोळ्यांतला आनंद तिला सुरीसारखा लागला. "माझं चुकलं म्हणून?"

"नाही गं. तू जिन्यात आलीस, की तुझा पाय वाजतो. पाय वाजला, की मी हातातलं बिस्कीट लपवते आणि सरळ बसते. तू नसतीस तर मी कधीच गेले असते, ते काय मला माहीत नाही? पण सत्तरी उलटली माझी. थोडे दिवस मला कुणाला भ्यायचं नाहीये."

तेजश्रीनं गार्गीच्या हातातला चहा घेतला आणि त्यात साखर आहे का ते आधी चाखून बघितलं.

उरलेल्या दिवसांत तिनं गार्गीला सगळं शिकवलं. सुई कुठं, किती, कशी. पायांची नखं कापताना काय बघायचं. आई गोळी गालात धरून ठेवते, ते कसं ओळखायचं. पायऱ्यांवरची ती दुपार गार्गीच्या अंगात अशी भिनली होती, की ती ताईच्या वरताण निघाली. घरातला मध गेला, जॅम गेला, द्राक्षंसुद्धा मोजून मिळायला लागली. "उघड तोंड, जीभ वर कर," असं ती म्हणाली, तेव्हा आईनं तेजश्रीकडे अशी नजर टाकली, की तेजश्रीला हसू दाबणं कठीण गेलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर टॅक्सीतून उतरताना गार्गीनं सुट्ट्या पैशांसाठी आईच्या पर्सला हात घातला. पर्स किंचाळली. गार्गी गालात मारल्यासारखी उभी. तेजश्रीला इतकं गारगार वाटलं म्हणून सांगू! ये, म्हटलं, ये बाई माझ्या पंगतीला.

"ताई, तुझा पासपोर्ट तूच काढ," गार्गी पडेल आवाजात म्हणाली. "मला ती देत नाही."

तेजश्रीनं बोट लावलं. चेन सुर्रकन उघडली.

ती हसली, आणि हसता हसताच तिचं हसू विरलं. आई तिच्याकडे किती निवांत बघत होती! माहेरी आलेली पाहुणी निघाली, की तिच्याकडे बघावं तशी. आता ही काही खाऊ नको म्हणणार नव्हती, सुई टोचणार नव्हती. ही चालली होती. इतके दिवस ज्यासाठी ती जळली, ते हे होतं तर. चोराला मिळालं होतं तेच.

चकती काढताना तिच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. कागदी रुमालात गुंडाळलेली पिवळी वाटी. आईनं ती कुठून, कधी पैदा केली, देव जाणे. आईचा चेहरा गोरामोरा झाला. गार्गीनं पाहिलं नव्हतं. चेन लावून टाकली असती, तर आईनं जन्मभर दुवा दिला असता, आणि सहा महिन्यांनीही पर्स अशीच उघडली असती.

तेजश्रीनं वाटी बाहेर काढली.

"आई! हे काय आहे?"

"एकच आहे गं... तुला वाटेत खायला..."

"मला? खोटं बोलतेस? परवापरवा सलाईनवर होतीस ना तू? गार्गी, इकडं बघ, असं ठेवते ही! पर्स रोज तपासायची, उघडत नसेल तर तिच्याच बोटानं उघडायची. आणि आई, परत असं काही सापडलं ना, तर पुढच्या विमानानं येईन मी. समजलं?"

चेनचे दात तिच्या बोटांखाली करकचून आवळले आणि पर्सनं अशी बोंब ठोकली, की सुरक्षा रांगेतले दोन शिपाई वळून बघायला लागले.

"जा बाई आता," आई कानांवर हात ठेवून म्हणाली. "आणि पोचल्याबरोबर फोन कर. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

तेजश्री वळली. मागं पर्स ओरडत होती, सगळा विमानतळ तिच्याकडे चोर म्हणून बघत होता, आणि ती वाटी हातात घेऊन ताठ मानेनं चालत आत गेली. आतल्या बाकावर बसून तिनं ती खाल्ली. इतके दिवस तिनं तिची चवसुद्धा घेतली नव्हती. फार गोड होती.